पेंढ्यांबद्दल मी बोललो नाही

मी खोटं बोललो नव्हतो. हे वाक्य मी स्वतःला इतकी वर्षं ऐकवलं आहे की आता ते मनात आलं तरी माझीच मला चीड येते. जे पाहिलं त्यातलं अर्धं मी सांगितलं आणि अर्धं गिळलं, आणि कोणतं अर्धं गिळायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या अर्ध्या गोष्टीपायी आमच्या गावातली एक बाई गावाच्या नजरेतून उतरली. तिच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा मारला गेला होता. भंडाऱ्याच्या कोर्टात ती साक्षीदार होती, गावात मात्र आम्ही तिलाच पिंजऱ्यात उभं केलं. सुरुवात माझ्या तोंडून झाली.

लाखनीत हायवेला लागून माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक त्या माझ्याकडे आणून टाकतात. माझं गाव तिथून जवळच, आणि घरची थोडी धानाची शेतीही आहे. दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. ट्रकांच्या आवाजात तिथे बसणारे आम्ही चौघं. मी, शेजारच्या सलूनचा कटिंगवाला, एसटीतून रिटायर झालेला एक कंडक्टर, आणि आमच्याच गावचा एक शेतकरी. हा चौथा आज जेलमध्ये आहे. भावाच्या खुनासाठी त्याला जन्मठेप झाली.

घटना सांगायला फार लागत नाही, आणि हीच आमची अडचण होती. दोन सख्खे भाऊ, वाटण्या झालेल्या. मोठ्याची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, वर, लहान्याची खाली. धानाची रोपं लावायच्या, रोवणीच्या दिवसांत पावसानं ताण दिला होता. वरच्या बांधीतलं पाणी खाली जाऊ द्यायचं की नाही, यावरून सकाळी मधल्या मातीच्या धुऱ्यावर भांडण झालं. लहान्यानं धुऱ्याचं तोंड फोडलं, मोठ्यानं हातातलं फावडं मारलं. लहान्याची बायको न्याहारी घेऊन येत होती. तिनं पाहिलं. तिनं पोलिसांना सांगितलं ते एवढंच, आणि पुढे कोर्टात सांगितलं तेही एवढंच.

बाकावर ते कोणालाच पटेना.

"एवढ्याशा पाण्यासाठी सख्ख्या भावाले मारते का कोणी?" कंडक्टर म्हणाला. "काहीतरी दुसरं आहे बावा."

"जमिनीचं असंल," कटिंगवाला म्हणाला.

"जमिनीच्या वाटण्या तं कवाच्या झाल्या."

"मंग बाईचं."

"बाईचंच. शेवटी बाईचंच निंगते."

आता विचार करतो तेव्हा वाटतं, एवढा मोठा गुन्हा इतक्या किरकोळ कारणानं झाला हे मानायची आम्हाला भीती वाटत होती. पाण्यावरून आम्हीही भांडलो होतो, आमच्याही हातात फावडी होती. खून करणारा आमच्यापेक्षा वेगळा असायला हवा होता. आणि तो तर आमच्याच बाकावर बसणारा, हसून बोलणारा, दुसऱ्याच्या चहाचे पैसे देऊन मोकळा होणारा माणूस. त्यानं केलं म्हणजे आपणही करू शकतो. त्यापेक्षा तिनं काहीतरी केलं असावं, हे सोपं होतं. सगळे तिचा हेतू शोधत होते. आमचा हेतू कोणी विचारला नाही.

अशात एका दुपारी मी कोणाच्या तरी शेतातली मोटार उतरवायला गेलो होतो. येताना गाडी त्या भावांच्या बांधीजवळून आली. ती बाई एकटी चिखलात वाकून रोवणी करत होती. पदर कमरेला खोचलेला, मान खाली. तेरवी अजून व्हायची होती.

मी गाडी हळू केली आणि पाहिलं. हे आता नीट लिहितो, कारण तेव्हा नीट सांगितलं नाही. तिच्यामागे बांधीच्या पाण्यात पऱ्ह्यांच्या पेंढ्या पडल्या होत्या. धानाची रोपं नर्सरीतून उपटली की त्यांच्या पेंढ्या बांधतात आणि रोवायच्या जागी पाण्यात टाकून ठेवतात. ती फार दिवस थांबत नाहीत, सडतात. त्या पेंढ्यांची टोकं पिवळी पडली होती. पाहताक्षणी मला कळलं की या आजच्या नाहीत, त्या तिच्या नवऱ्यानं उपटल्या आहेत. मरण्याच्या आदल्या दिवशी नवरा-बायकोनं मिळून उपटल्या असतील, पोलीस, पंचनामा, जाळणं यात तशाच राहिल्या असतील. आमच्याकडे सुतकात नवं काम काढत नाहीत. पेरा नाही, नवे पऱ्हे उपटणं नाही. पण उपटून ठेवलेले पऱ्हे रोवून टाकावेत, ते सडू देऊ नयेत, हे आमच्या आयाबायांनी आम्हाला शिकवलं आहे. माझी आई तर म्हणायची, मुळं उघडी ठेवून माणूस गेला तर त्याची मुळं घरच्यांनी झाकावी. हे सगळं मला आठवलं, गाडीवर बसूनच. मनात म्हणालो, आणखी एक दिवस गेला असता तर सगळं गेलं असतं बिचारीचं.

आणि दुकानावर येऊन म्हणालो, "नवऱ्याची राख अजून थंडी नाही झाली, अन् बाई रोवणा करून राहिली. आत्ता डोळ्यानं पाहून आलो."

कटिंगवाला गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून बाहेर आला.

"एकटी?"

"एकटी."

"रडत-गिडत?"

"नाही बा. मुंडी खाली, रोवून राहिली."

"पाहा!" कंडक्टरनं मांडीवर थाप मारली. "मी का म्हणत होतो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. जीभ हलवायचा अवकाश होता. पण तिघं-चौघं जण माझ्याकडे पाहत होते. मी बाकावरचा सगळ्यात कमी बोलणारा माणूस, माझ्या बोलण्यावर कोणी कधी थाप मारली नव्हती. पेंढ्यांचं सांगितलं असतं तर बातमीच राहिली नसती. मी चहा मागवला.

रात्री जेवताना तेच बायकोला सांगितलं, तसंच. पेंढ्या वगळून. माझी बायको गावातल्या रोवणीच्या टोळीत जाते. टोळीतल्या बाया आधी आळीपाळीनं एकमेकींची शेतं रोवतात आणि मग बाहेर मजुरीला जातात. दुसऱ्या दिवशी ती गोष्ट धुऱ्याधुऱ्यावर पोचली. बायांना वाटलं, तिनं सुतकात नवे पऱ्हे उपटून रोवणी काढली. संध्याकाळी गावाच्या व्हाट्सॲप ग्रुपवर कोणीतरी टाकलं, 'तेरवी के पहले रोवणी. आगे आप सब समझदार हो.' खाली हसणारे आणि हात जोडणारे चेहरे. मी तो मेसेज पाहिला आणि फोन उलटा ठेवला.

पुढची वर्षं केस चालू राहिली. तारखा पडत गेल्या. गावात मात्र रोज निकाल लागत होता. तिचं कोणाशी तरी सूत होतं म्हणे. तो 'कोणीतरी' दर महिन्याला बदलायचा. मग असं निघालं की नवऱ्यालाच तिनं भावाविरुद्ध भडकवलं. मग असं, की भासरा जेलमध्ये गेला की सगळी जमीन तिचीच. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कोणीतरी म्हणायचंच, "अन् तेरवीच्या आधी रोवणा केला ना तिनं." जणू तो पुरावा होता. तो मी दिला होता.

तिची साक्ष होती त्या दिवशी आम्ही तिघं एसटीनं भंडाऱ्याला गेलो. काम काहीच नव्हतं, पाहायलाच. कोर्टाच्या मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसलो.

सरकारी वकिलानं तिला विचारलं, फावडं कोणी मारलं? ती म्हणाली, "भासऱ्यानं." नाव सांगा. ती गप्प झाली. जजसाहेबांनी पुन्हा विचारलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जमिनीकडे पाहिलं. आमच्याकडे बाई भासऱ्याचं नाव घेत नाही. समोर आला तर वाट सोडते, आडोशाला होते. लग्न होऊन आल्यापासून तिनं ते नाव एकदाही उच्चारलं नसेल. आणि आता तो हाताच्या अंतरावर उभा होता.

"पाह्य, अटकली," कंडक्टर माझ्या कानात पुटपुटला. "पाठ केलेलं इसरली."

त्याच्या घरातही त्याच्या सुनेनं कधी भासऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. मी हे त्याला म्हणू शकलो असतो. शेवटी तिनं नाव घेतलं, अगदी हळू, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

उलटतपासणीत आरोपीच्या वकिलानं कागद खाली ठेवले आणि विचारलं, "पतीच्या निधनानंतर, तेरवीच्या आधी, तुम्ही शेतात रोवणी करत होता. हे खरं आहे?"

तो माझाच शब्द होता, फक्त कोट घालून आला होता.

"हो."

"म्हणजे नवरा गेल्याचं तुम्हाला फार दुःख नव्हतं."

"पऱ्हे उपटले होते जी..."

"जेवढं विचारलं तेवढंच सांगा."

सरकारी वकील उठून काही बोलले, साहेबांनी काही सांगितलं, प्रश्न पुढे गेले. पण ते चार शब्द आम्ही तिघांनीही ऐकले होते. तिघंही धानाच्या चिखलात वाढलेले. परतीच्या बसमध्ये कंडक्टर वकिलाची नक्कल करत होता, कटिंगवाला हसत होता. पऱ्ह्यांचं नाव कोणी काढलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. वैनगंगेच्या पुलावर हवा आली, तरी घाम जाईना.

कोर्टानं तिचं म्हणणं खरं धरलं. निकाल लागला, त्याला शिक्षा झाली. मला वाटलं, सुटलो. आता लोक गप्प होतील. झालं उलटंच. बाकावर कटिंगवाला म्हणाला, "कोर्टाले का कळते? कोर्ट का आपल्या गावात राह्यते?" शिक्षा झालेला माणूस आता दूर गेला होता, रागावायला समोर ती एकटीच उरली होती. त्यांच्या घरातल्या बाकीच्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. त्यांचंही दुःख आहे, आणि त्यावर बोलायचा मला अजिबात हक्क नाही.

तिचं माहेर पवनी तालुक्यात, कोंढ्याला. केस चालू होती तोवर दर रोवणीला तिचा भाऊ तिकडून गाडीत बाया घालून आणायचा आणि तिचं शेत रोवून द्यायचा, कारण गावची टोळी तिच्या बांधीत उतरत नव्हती. यंदा तो आला तो रिकामी गाडी घेऊन. गावभर त्याचं बोलणं पसरलं. दरवर्षी हे जमणार नाही, शेत ठेक्यानं देऊन टाक आणि माहेरी चल. ती म्हणाली, यंदा टोळीला एकदा विचारून पाहते. नाही म्हणाल्या तर येते. पऱ्हे रोवणीला आले होते. हातात थोडेच दिवस होते.

हे मला बायकोनंच सांगितलं, चुलीपुढे बसून.

"आली होती आज. टोळीच्या म्हातारीले म्हणे, मी साऱ्याइच्या बांधीत येतो, तुमी माह्या एका बांधीत या. म्हातारी म्हणे, नाही बाई, सुतकात ज्या शेतात रोवणा झाला त्या शेतात आमी पाय नाही ठेवत."

"मंग तू का म्हटलं?"

"मी का म्हणू? तुमीच तं पाह्यलं होतं."

मी घास ताटात ठेवला. मी म्हणालो, "ते नवे पऱ्हे नोहोते."

"म्हणजे?"

"पेंढ्या होत्या. त्यानंच उपटलेल्या. पिवळ्या पडल्या होत्या."

बायको म्हणाली, "हे तुमाले तवाच माहीत होतं?"

"हो."

"अन् मले सांगितलं नाही. मी माह्या तोंडानं सांगितलं ना बायांले! माह्या तोंडानं!" तिनं ताट सरकवून दिलं. "अवो, आपल्या घरी सुतक असतं तं मी नसती गेली का रोवाले? मलेही असंच म्हटलं असतं का?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

ते दिवस मला दुकानात बसवेना. उठायचो, हायवेपर्यंत जायचो, परत यायचो. एका मोटारीचे वेढे चुकीचे भरले, ती गिऱ्हाइकाच्या शेतात पुन्हा जळली आणि त्याच्या शिव्या खाल्ल्या. आधी मी भित्रेपणाचे उपाय करून पाहिले. बाकावर म्हणालो, "जाऊ द्या ना आता, कोर्टानं सांगितलं ना." कंडक्टर हसला, "काहून बे, तुले कवापासून पुळका आला? तूच तं वाजवली होती पयली घंटी." मग तिच्या बोअरची मोटार फुकट तपासून देतो, असा निरोप एकाजवळ पाठवला. तिनं उलट निरोप पाठवला, मोटार चांगली आहे.

शेवटी एका सकाळी मी तिच्या घरी गेलो. अंगणात तिचा भाऊ गाडीला रेलून उभा होता, ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. तिनं पदर सावरला, बसा म्हटलं. मी उभाच राहिलो आणि सांगून टाकलं, की मी पेंढ्या पाहिल्या होत्या. भाऊ पुढे आला, त्याच्या मुठी वळल्या. तिनं हातानंच त्याला थांबवलं.

"भाऊ, हे मले कायले सांगता?" ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "पेंढ्या मी रोवल्या. मले माहीत नाही का?"

"वहिनी, मी चुकून..."

"चुकून नोका म्हणू." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी तवाच पाह्यलं होतं तुमची गाडी हळू झाली ते. मले वाटलं, चला, कोणी तरी पाह्यलं, आता हा माणूस सांगंल गावात की पेंढ्या सडून राहिल्या, कोणी बाई तरी येईल हात लावाले. वाट पाह्यली मी. दोन बांध्या रोवून होईपर्यंत पाह्यली."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. या उत्तराची माझी तयारी नव्हती.

"माफी मांगाची आहे ना?" ती म्हणाली. "मंग ज्याइले माहीत नाही त्याइले सांगा. टोळीतल्या बायांले सांगा. अन् माह्यासमोर सांगा. कोणी तिसऱ्याजवळ निरोप नोका पाठवू."

तिचा भाऊ म्हणाला, "बाई, आता काय फायदा? चल ना."

"एक दिवस थांब," ती त्याला म्हणाली.

मी हे लिहितोय तेव्हा पुढचं घडून गेलं आहे, म्हणून ते आधीच सांगतो. टोळीतल्या सगळ्या बाया तिच्या शेतात गेल्या नाहीत. म्हातारी गेली, माझी बायको गेली, आणखी थोड्या गेल्या. बाकीच्यांनी दुसऱ्या गावची मजुरी धरली. रोवणी उशिरा झाली, पण झाली. कोंढ्याचा भाऊ एकटाच परत गेला. कंडक्टर माझ्या बाकावर बसायचा बंद झाला, आणि ग्रुपवर माझ्याबद्दलही काहीबाही आलं, मी तिच्याकडून काय खाल्लं वगैरे. वाचताना कळलं, असं वाचणं म्हणजे काय असतं. पण ती वर्षं तिला परत मिळाली नाहीत. म्हणून काही भरून निघालं असं मी म्हणणार नाही.

त्याच दुपारी टोळी एका धुऱ्यावर मोहाच्या झाडाखाली जेवायला बसली होती. हातापायांना चिखल, पुढ्यात डबे. ती बाई माझ्यामागून आली आणि थोडं दूर, उन्हातच उभी राहिली. मला पाहून एक तरुण बाई ओरडली, "का जी भाऊ, टोळीची मोटार जळली का?" सगळ्या हसल्या. मग उन्हात उभ्या असलेल्या तिच्याकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं. माझी बायको खाली मान घालून कांदा फोडत होती. म्हातारी म्हणाली, "बोलाचं असंल तं बोल बापा, जेवण थंडं होते."

मी चप्पल काढून धुऱ्यावर ठेवली. घरी नीट जुळवून ठेवलेली वाक्यं आठवेनात, म्हणून जसं आलं तसं बोललो:

"मावशी, बायांनो, त्या साली ही वहिनी रोवून राहिली होती तवा मी तिच्या बांधीजवळून गेलो. तिनं नवे पऱ्हे उपटले नोहोते. तिच्या नवऱ्यानं उपटून ठेवलेल्या पेंढ्या होत्या, पिवळ्या पडल्या होत्या, मी माह्या डोळ्यानं पाह्यल्या. असं रोवणं पाप नाही, हे तुमच्यासारखंच मलेही माहीत होतं. तरी मी पेंढ्यांचं सांगितलं नाही. काहून की तिचा भासरा माह्या बाकावर बसणारा होता, तो सुटावा असं मले वाटे. अन् लोकं माह्या गोष्टीनं माना डोलवून राहिले होते, ते मले गोड लागलं. माह्या बायकोले मीच अर्धं सांगितलं, तिचा दोष नाही. कोर्टात वकिलानं हिले जे इचारलं तेही माहंच बोलणं होतं, अन् मी मांगं बसून आयकलं. वहिनी, तुमी तवा माही वाट पाह्यली अन् मी तुमाले गावच्या तोंडी देऊन चहा पेत बसलो. हे चुकून नाही झालं. मी केलं. मले माफ करा."